मेरिनोकडून दख्खनी लोकरीकडे : साहित्य बदलण्याचा अनुभव

वस्त्रकलेत काम करणाऱ्या व्यक्तीने आपले मुख्य साहित्यच बदलायचे ठरवले, तर काय काय करावे लागते, कशाला किती पैसे लागतात, कोणते कागद जमवावे लागतात आणि मधल्या काळात उत्पन्नाचे व मनाचे काय होते, हे मराठीत सलग वाचायला मिळावे असे मला फार वाटत होते, कारण मी सुरुवात केली तेव्हा मला ते मिळाले नव्हते. ऑक्टोबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात मी आयात केलेल्या मेरिनो मेंढीच्या लोकरीचे काम थांबवून आपल्याकडच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीवर काम उभे केले. ज्यांना असाच काही बदल करायचा आहे, मग तो लोकरीचा असो, सुताचा असो वा रंगांचा, त्यांना या टिपणांतून थोडा आधार मिळाला तर मला आनंद होईल.

मी कोल्हापुरात राहते. बरीच वर्षे मी पाणी, साबण आणि हातांचा दाब वापरून, लोकर लाटून, म्हणजे न विणता तिचे तंतू एकमेकांत गुंतवून केलेली भित्तिचित्रे करत आले आहे. या कामासाठी आपल्याकडचे बहुतेक कलाकार मेरिनो वापरतात. तिचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे फार बारीक असतो, त्यावर सूक्ष्म खवले दाट असतात आणि त्यामुळे ती चटकन एकमेकांत गुंतते. रंगासाठी मी आम्लरंग, म्हणजे लोकरीसाठीचे तयार रासायनिक रंग, वापरत असे. ते सोपे, तेजस्वी आणि दर वेळी तंतोतंत तसेच येणारे रंग असतात. माझ्या कामाचे ग्राहक मुख्यतः कार्यालये, दवाखाने आणि हॉटेले यांची अंतर्गत सजावट करणारे वास्तुविशारद होते. त्यांनी छटेचा क्रमांक दिला की त्यांना तीच छटा हवी असे आणि मी ती देत असे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मी मागवलेली लोकर वेळेवर आली नाही. किलोमागे भाव साडेतीन हजारांच्या वर गेला होता आणि माल कधी सुटेल हे पुरवठादारालाही सांगता येत नव्हते. त्याच दिवसांत, दसऱ्यानंतर, मी पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला गेले. तिथे भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. माझ्या अंगाखांद्यावर पिवळी झालेली लोकर होती, आणि मी मात्र दुसऱ्या खंडातून येणाऱ्या लोकरीची वाट पाहत होते. हा विसंवाद मला तिथेच बोचला. पण हे वाटणे आणि प्रत्यक्ष काम बदलणे यांच्यात पुष्कळ अंतर होते.

नोव्हेंबरमध्ये हातकणंगले तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात धनगरांनी खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या, त्यांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढ्यांच्या मुक्कामावर, मी पहिल्यांदा लोकर घेतली. धनगरांचे उत्पन्न आज मुख्यतः मेंढ्यांच्या विक्रीतून आणि शेतात मेंढ्या बसवल्याबद्दल मिळणाऱ्या पैशांतून व धान्यातून येते. लोकर वर्षातून साधारण दोनदा कातरली जाते, पण कातरणीची मजुरीही तिच्या विक्रीतून सुटत नाही, असे मला तिथल्या धनगर मामांनी सांगितले. त्यामुळे पुष्कळदा ती तशीच बांधावर टाकून दिली जाते. मी किलोला चाळीस रुपये देऊ केले, पण सोबत एक अट घातली : काळी, पांढरी आणि करडी लोकर वेगळी ठेवायची आणि कोकरांचे जावळ, म्हणजे पहिल्या कातरणीची लोकर, स्वतंत्र पोत्यात भरायची. हे वेगळे करणे त्यांच्यासाठी जास्तीचे काम होते आणि त्याचे पैसे वेगळे द्यायला हवेत, हे पुढच्या खेपेला मला कळले. आता मी जावळाला किलोमागे नव्वद रुपये देते. ज्यांना थेट वाड्यावरून लोकर घ्यायची आहे त्यांनी कातरणीच्या आधीच बोलून ठेवावे. कातरण्यापूर्वी मेंढ्या नदीत किंवा ओढ्यात धुऊन घेतलेल्या असतील तर पुढचे निम्मे कष्ट वाचतात. ज्यांची धनगर वाड्यांशी ओळख नाही त्यांच्यासाठी पुण्यातील पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ हे चौकशीचे एक ठिकाण आहे. त्यांची मेंढीपालनाची प्रक्षेत्रे राज्यात काही ठिकाणी आहेत, त्यांपैकी सांगली जिल्ह्यातील रांजणीचे आम्हा कोल्हापूरकरांना जवळचे.

लोकर धुणे हा सगळ्यांत वेळखाऊ भाग आहे. तयार, विंचरलेली लोकर वापरणाऱ्यांना त्याची कल्पना येत नाही. कच्च्या लोकरीत माती, घाम, मेणचटपणा, शेण, कुसळे आणि गोखरूचे काटे असतात. आधी कोरडी झटकायची, मग साध्या पाण्यात रात्रभर भिजवायची, नंतर पन्नास-पंचावन्न अंश तापमानाच्या रिठ्याच्या पाण्यात बुडवून न ढवळता अर्धा तास ठेवायची आणि त्याच तापमानाच्या स्वच्छ पाण्यातून काढायची. पाण्याचे तापमान एकदम बदलले किंवा हाताने चोळले, तर ती धुतानाच गोळा होते. चार किलो कच्ची लोकर धुऊन, वाळवून, काटे वेचून झाल्यावर माझ्या हाती पावणेतीन किलोच्या आसपास स्वच्छ लोकर उरत असे. म्हणजे चाळीस रुपयांची लोकर खऱ्या अर्थाने चाळीस रुपयांची राहत नाही. रिठा, गॅस, पाणी आणि मदतनीस ताईंची मजुरी धरली की ती किलोला साडेतीनशेच्या पुढे जाते. तरीही ती मेरिनोच्या एक दशांश आहे. वाड्यावरच्या मामांनी सांगितले होते, "ताई, ढगाळीचं धुवू नगासा, आतनं वास धरती." मी ते तंतोतंत पाळते.

साठवणीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर सगळे काम वाया जाते. लोकरीला कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागते. कडुनिंबाचा पाला आणि कापूर यांनी कसर दूर राहते असे मानतात, पण अंडी आधीच आत असतील तर त्यांचा उपयोग होत नाही. मी धुतलेली, पूर्ण कोरडी लोकर जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करते आणि दोन आठवडे खोल गोठवणाऱ्या फ्रीजरमध्ये ठेवते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडत नाही, कारण थंड लोकरीवर हवेतील ओल जमते. यासाठी जानेवारी २०२४ मध्ये जुना फ्रीजर साडेसहा हजारांना घेतला.

पिंजण्यासाठी गादी कारखान्यातील कापूस पिंजण्याच्या यंत्रावर लोकर देऊन पाहिली. ती लवकर पिंजून झाली, पण तंतू तुटून आखूड झाले. गोधडीच्या भरावासाठी तशी लोकर चालेल, लाटून केलेल्या वस्त्रासाठी नाही. शेवटी तारेचे दात असलेल्या हातफण्यांची जोडी बावीसशे रुपयांना मागवली आणि मदतनीस ताई व मी दोघीही तीच वापरू लागलो.

आता प्रत्यक्ष साहित्याच्या स्वभावाकडे वळते, कारण माझे विचार खरे बदलले ते इथे. दख्खनी लोकर जाड असते. तिचा तंतू सरासरी तीस मायक्रॉनच्या वर जातो आणि तिच्यात पोकळ, ताठ केसाळ तंतू मिसळलेले असतात. मेरिनोच्या सवयीने लाटायला घेतले तर ती गुंतण्याचे नावच काढत नाही. केसाळ तंतू पुन्हापुन्हा वर येतात आणि पृष्ठभाग खरखरीत राहतो. मी प्रत्येक प्रयोगासाठी एकाच मापाचा चौकोन करायचे ठरवले : लाटण्याआधी तीस सेंटिमीटर, वजन वीस ग्रॅम, पाण्याचे तापमान, साबण, किती वेळ लाटले आणि शेवटी उरलेले माप, हे सगळे चौकोनाला शिवलेल्या कापडी पट्टीवर पक्क्या शाईने लिहायचे. माझ्या पद्धतीने मेरिनो सदतीस-अडतीस टक्के आकसते, काळी दख्खनी लोकर जेमतेम वीस-बावीस टक्के, आणि जावळ या दोहोंच्या मध्ये. आकसणे कमी म्हणजे घट्टपणा कमी, म्हणून मेरिनोत मी ज्या तऱ्हेने बारीक रेषा आणि कडा काढत असे, त्या इथे टिकत नाहीत. रेषा फुटते, पसरते, काही ठिकाणी बुडून जाते.

फेब्रुवारी आणि मार्च २०२४ हे महिने याच्याशी झगडण्यात गेले. जावळाचा थर वर आणि जाड लोकर खाली, मध्ये जुन्या सुती धोतराची विरळ जाळी, कधी काळ्या लोकरीत दहा टक्के मेरिनो, असे अनेक मेळ मी करून पाहिले. दहा टक्के मेरिनोने काम लगेच सोपे झाले. तरी मी तो मार्ग घेतला नाही, कारण त्याने जे घडत होते ते माझ्या जुन्या कामाची जाडजूड नक्कल होती. आपल्या भागात पूर्वी याच लोकरीचे बुरणूस करत असत, विणकाम न करता केवळ लोकर दाबून. त्यांत नाजूक चित्र नव्हते, पण वजन, ऊब आणि टिकाऊपणा होता. माझ्या कामाचा क्रम तोवर असा होता की आधी कागदावर चित्र पक्के व्हायचे आणि मग ते वठवू शकेल असे साहित्य शोधायचे. ज्या लोकरीला रेषा मान्यच नाही, तिच्यासमोर तो क्रम चालेना. मार्चअखेरीस मी रेखाटनाची वही बाजूला ठेवली आणि नमुन्यांच्या चौकोनांवरूनच पुढच्या कामाचा विचार करू लागले : कुठला थर जड वाटतो, कुठला प्रकाश शोषतो, कुठल्या ठिकाणी पांढरी लोकर काळीतून आपोआप वर येते.

रंगांचेही तसेच झाले. काळ्या लोकरीवर कोणताही वनस्पतिजन्य रंग जवळजवळ दिसत नाही. आमच्या भागात पांढरी लोकर तुलनेने थोडी मिळते. म्हणजे रंग हा माझ्या कामाचा पाया होता तो आता मोजून वापरण्याचा पदार्थ झाला. एप्रिल-मे २०२४ मध्ये मी पांढऱ्या व करड्या लोकरीवर मंजिष्ठ, डाळिंबाची साल, झेंडू, हिरडा आणि नीळ वापरून पाहिली. मंजिष्ठ काष्ठौषधींच्या दुकानात किलोला साडेसहाशेला मिळाली, निळीची पूड तमिळनाडूतून अर्धा किलो चौदाशेला आली, तुरटी आणि हिरडा तर किरकोळ किमतीत.

रंगबंधक म्हणून कोरड्या लोकरीच्या वजनाच्या पंधरा टक्के तुरटी आणि थोडा गाळलेला चिंचेचा कोळ घेतला. चिंचेतील टार्टारिक आम्लामुळे तुरटी लोकरीत समान बसायला मदत होते. लोकर या पाण्यात तासभर ऐंशी अंशांवर ठेवून त्याच पाण्यात रात्रभर निवू द्यावी. मंजिष्ठेचे पाणी सत्तर अंशांच्या वर जाऊ देऊ नये, कारण त्याहून अधिक उष्णतेने तिच्यातील तपकिरी द्रव्ये उतरतात आणि लाल रंग मळका होतो. आमच्या बोअरच्या पाण्यात लोह आहे, त्यानेही लाल काळवंडतो, म्हणून जूननंतर मी पागोळीचे पाणी साठवून तेच रंगासाठी वापरू लागले. हिराकसाने (हा लोहाचा क्षार) किंवा गूळ आणि गंजक्या लोखंडाच्या आंबवलेल्या पाण्याने सुंदर राखाडी छटा येतात, पण लोह जास्त झाले की लोकर कालांतराने ठिसूळ होते, तेव्हा ते वजनाच्या दोन टक्क्यांपुढे नेत नाही.

निळीने सर्वांत जास्त वाट पाहायला लावली. नीळ पाण्यात विरघळत नाही. ती आधी ऑक्सिजनरहित, क्षारयुक्त पाण्यात उतरवावी लागते, तेव्हा ते पाणी हिरवट-पिवळे होते, आणि लोकर बाहेर काढून हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होते. सुतासाठी चुना व गूळ यांचे पाणी छान चालते, पण चुन्याचा तीव्र क्षार लोकरीला खातो. म्हणून गव्हाचा कोंडा, थोडी मंजिष्ठ आणि धुण्याचा सोडा घालून आंबवलेले सौम्य पाणी तयार केले. ते पंचेचाळीस अंशांच्या आसपास कोमट ठेवावे लागते. पहिल्या आठवड्यात काहीच घडले नाही आणि सगळे ओतून द्यावे असे वाटत होते. मग एके सकाळी वर तांबूस, चकचकीत साय दिसली आणि खालचे पाणी हिरवे झालेले होते. ज्यांचे पाणी लवकर उतरत नाही त्यांनी आधी तापमान तपासावे आणि मग थोडा कोंडा घालून थांबावे. पुन्हापुन्हा ढवळले तर आत हवा जाऊन उलट परिणाम होतो.

रंगाईच्या जुन्या कृतींमध्ये मोरचूद आणि क्रोमचा क्षार सुचवलेला असतो. ते वापरले असते तर मला कितीतरी अधिक छटा मिळाल्या असत्या. पण पंचगंगेच्या प्रदूषणाबद्दल आम्ही इथे वर्षानुवर्षे वाचतो, बोलतो, त्रास भोगतो; त्या नदीकाठच्या गावात बसून तांबे आणि क्रोम असलेले पाणी गटारात सोडणे मला शक्य नव्हते. छटा कमी झाल्या त्या मी स्वीकारल्या.

जूनमध्ये एका हॉटेलच्या सजावटीची मागणी आली. आठ भित्तिचित्रे, ठरलेली छटा, ठरलेले माप, मुदत तीन महिने आणि मोबदला माझ्या वर्षभराच्या खर्चाला पुरेल एवढा. त्या वेळी माझ्या खात्यात फारसे पैसे नव्हते, सहा महिन्यांत विक्री झाली नव्हती, पावसात लोकर वाळत नव्हती आणि घरातल्यांनाही काळजी वाटू लागली होती. मेरिनो आणि आम्लरंग वापरून ते काम मला सहज करता आले असते. मी आठवडाभर विचार केला. एक उपाय म्हणजे पैशांसाठी जुने काम आणि मनासाठी नवे काम असे दोन भाग करायचे. अनेकजण तसे करतात आणि त्यात काही गैर नाही. पण माझ्या बाबतीत हातांचा वेग, नजरेची सवय आणि घरातली जागा एकच आहे. तीन महिने मेरिनो लाटल्यावर पुन्हा दख्खनी लोकरीकडे येताना मला शून्यापासून सुरुवात करावी लागली असती. मी नम्रपणे नकार कळवला आणि त्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस एका संस्थेत शिकवण्याचे काम घेतले. महिना बारा हजार मिळत. ज्यांना असा बदल करायचा आहे त्यांनी किमान वर्षभराच्या खर्चाची सोय आधी करावी, हे मी फार कळकळीने सांगते.

आता कागदपत्रांबद्दल. जानेवारी २०२४ मध्ये मी उद्यम नोंदणी केली. ती विनामूल्य आहे, ऑनलाइन आहे, आधार आणि पॅन असले की तासाभरात होते आणि प्रमाणपत्र लगेच मिळते. शोधताना शुल्क मागणारी अनेक खासगी संकेतस्थळे आधी दिसतात, तेव्हा पत्त्याच्या शेवटी शासनाचे 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, एवढे पाहावे. व्यवसायाचा प्रकार निवडताना वस्त्रनिर्मितीचा विभाग १३ आहे.

त्यानंतर हस्तकला कारागिरांचे 'पहचान' ओळखपत्र. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयामार्फत ते मिळते आणि शासकीय हस्तकला मेळ्यांत जागा मिळवण्यासाठी व कारागिरांच्या योजनांसाठी ते लागते. माझा पहिला प्रश्न हाच होता की मी नेमकी कोणात मोडते. हातमागावर विणणाऱ्यांची नोंद विकास आयुक्त (हातमाग) यांच्याकडे वेगळी होते. लोकरीच्या विकासासाठी जोधपूरला केंद्रीय लोकर विकास मंडळ आहे, ते आणखी वेगळे. माझे काम विणलेले नसून हाताने लाटलेले असल्यामुळे ते हस्तकलेत बसते, हे फोनवर विचारून नक्की केले आणि फेब्रुवारीत अर्ज भरला. तो एका फरकावर अडला : आधारवर माझे नाव वडिलांच्या नावासह होते आणि बँकेत पतीच्या नावासह. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून मी आधारला हात न लावता बँकेतील नाव बदलून घेतले. विवाह प्रमाणपत्र, पॅन, अर्ज आणि सहीचा नवा नमुना एवढ्यावर बँकेचे काम झाले, पण त्यात एप्रिल उलटला. अर्ज पुन्हा भरल्यावर पडताळणीसाठी बोलावणे यायला जुलै उजाडला. पडताळणीत प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. मी पिंजलेली लोकर, साबणाचे पाणी आणि बांबूची चटई घेऊन गेले आणि वीतभर तुकडा तिथेच लाटून दाखवला. अधिकारी बाईंनी तो हातात घेऊन ही लोकर कुठली, असे विचारले आणि बराच वेळ ऐकून घेतले. ऑगस्टअखेरीस ओळखपत्र मिळाले. पडताळणीला जाताना तयार वस्तूंबरोबर कामाच्या टप्प्यांचे छापील फोटोही न्यावेत. विचारलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यांतूनच देता आली.

वस्तू व सेवा कराची नोंदणी मी केली नाही, कारण माझी उलाढाल मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे. हस्तकला म्हणून अधिसूचित असलेल्या वस्तू परराज्यात पाठवतानाही वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सवलत आहे, मात्र त्यासाठी पॅन आणि ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला, लागते, मालाची किंमत पन्नास हजारांहून कमी असली तरी. आपली वस्तू त्या यादीत आहे का, हे लेखापालाला आधी दाखवून घ्यावे. मी सल्ल्याचे पंधराशे रुपये दिले आणि ते सत्कारणी लागले.

ऑगस्टपासून घोंगडी विणणाऱ्या एका सणगर कुटुंबाकडे मी जाऊ लागले. मला विणायला शिकायचे नव्हते. माझ्या लाटलेल्या लोकरीला आधार म्हणून विरळ विणलेली पट्टी हवी होती. घरातल्या काकांनी ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावताना मला बाजूला बसवून घेतले. खळ लावलेला ताणा ताठ आणि गुळगुळीत होतो, म्हणून विणताना तुटत नाही, आणि नंतर घोंगडी धुतली की खळ निघून जाते. मला वाटले, खळ न काढता त्यावरच लोकर लाटली तर? काकांनी मान हलवली, पण पट्टी विणून दिली. खळीमुळे पहिला थर जागेवर चिकटून राहिला, सरकला नाही, आणि जसजसे साबणाचे पाणी आत गेले तसतशी खळ सुटत जाऊन लोकर ताण्यात गुंतली. आधी फुटणाऱ्या कडा आता पट्टीच्या ताण्यामुळे आपोआप सरळ राहू लागल्या. इतक्या महिन्यांत मला जे जमले नव्हते ते त्या घरातल्या नेहमीच्या चिंचोक्याच्या खळीने जमवले. काकांना एका पट्टीचे अठराशे रुपये देते आणि प्रत्येक कामाच्या मागच्या पट्टीवर, त्यांच्या संमतीने, विणणाऱ्याचे नाव लिहिते.

या टप्प्यावर माझ्या कामाचे माप घोंगडीच्या पन्ह्यावरून ठरू लागले, रंग लोकरीच्या मूळ काळ्या-करड्यावरून ठरू लागले. काळ्या मेंढीच्या लोकरीची टोके उन्हाने तांबूस होतात. पूर्वी मी ती कापून टाकली असती, आता तीच टोके वर ठेवून एक पूर्ण काम केले. मंजिष्ठेचा लाल एखाद्या तळहाताएवढ्या जागीच येतो आणि तेवढा पुरतो. वर्षाला वीस-पंचवीस कामे करण्याऐवजी सहा-सात करायची, प्रत्येकासाठी लोकर कोणत्या वाड्याची, कोणत्या हंगामाची हे नोंदवायचे आणि त्याला लागणारा वेळ द्यायचा, हे मी सप्टेंबरमध्ये लिहून काढले आणि भिंतीवर लावले.

विकत घेणाऱ्याला रंग किती टिकेल हे प्रामाणिकपणे सांगता यावे म्हणून रंगांची चाचणी करून घेणे मला आवश्यक वाटले. इचलकरंजी वस्त्रोद्योगाचे शहर असल्याने आमच्याकडे प्रयोगशाळा जवळ आहेत. प्रकाशातील पक्केपणा निळ्या लोकरीच्या प्रमाणपट्टीवर १ ते ८ आणि धुण्यातील पक्केपणा १ ते ५ असा मोजतात. आकडा जितका मोठा तितका रंग पक्का. सहा नमुन्यांना अकरा हजारांच्या आसपास खर्च आला. प्रकाशाच्या चाचणीचा अहवाल उशिरा येतो, कारण नमुना दीर्घकाळ प्रखर दिव्याखाली ठेवावा लागतो. निळीला ५-६, मंजिष्ठेला ४-५, डाळिंबाला ४ आणि झेंडूला ३ मिळाले. त्यामुळे झेंडू मी भित्तिचित्रांतून काढून टाकला, तो रंग मला अतिशय प्रिय असूनही. ज्यांना एवढा खर्च शक्य नाही त्यांनी प्रयोगशाळेत जाण्याआधी घरीच चाळणी लावावी : नमुन्याची अर्धी पट्टी जाड काळ्या कागदाने झाकून दक्षिणेच्या खिडकीत दोन महिने ठेवावी. जे तिथे उतरते त्याच्या चाचणीवर पैसे घालवू नयेत.

प्रदर्शनासाठी दसरा चौकातील शाहू स्मारक भवनाचे कलादालन फेब्रुवारी २०२५ करिता मिळाले. तारखेसाठी काही महिने आधी अर्ज द्यावा लागला. लोकरीची कामे टांगताना वजन ध्यानात घ्यावे. मोठे काम सात किलोपर्यंत भरते, म्हणून वरच्या कडेला आतून सागाची पट्टी घातली आणि दोन ठिकाणी न टांगता चार ठिकाणी टांगले. सात कामांपैकी तीन विकली गेली. ज्या वास्तुविशारदांकडून पूर्वी कामे येत, त्यांपैकी दोघे आले. एकाने घेतले नाही, दुसऱ्या बाईंनी छटेचा आग्रह न धरता एका शाळेच्या वाचनालयासाठी काम सांगितले. वाड्यावरचे मामा त्यांच्या कुटुंबासह आले होते. त्यांनी प्रत्येक कामाजवळ जाऊन लोकर चिमटीत धरून पाहिली आणि कुठली आपल्या मेंढ्यांची ते बरोबर ओळखले. त्या दिवशी मला फार बरे वाटले.

खर्चाचा ढोबळ हिशेब असा : लोकर, रंगद्रव्ये व रिठा मिळून सुमारे एकवीस हजार, फ्रीजर, हातफण्या आणि स्टीलची पातेली चौदा हजार, मदतनीस ताईंची मजुरी अठ्ठावन्न हजार, विणकराच्या पट्ट्या सोळा हजार, चाचण्या अकरा हजार, प्रदर्शनाचे भाडे, वाहतूक व छपाई पंचवीस हजारांच्या आत. तीन कामांच्या विक्रीतून यातला बराचसा भाग निघाला, सगळा नाही. किंमत ठरवताना मी आता धुतलेल्या लोकरीचे वजन, मजुरीचे तास आणि माझे तास वेगवेगळे लिहिते आणि ग्राहकाला मागितल्यास तो कागद दाखवते. पावतीबरोबर रंगांच्या पक्केपणाचे आकडे, कसरीपासून जपण्याची पद्धत आणि थेट उन्हात न टांगण्याची सूचना देते. वाचनालयाच्या कामासाठी मी मुदत दहा महिन्यांची मागून घेतली आहे, कारण त्याला लागणारे जावळ येत्या कातरणीतच मिळेल. त्या जावळाची निम्मी रक्कम मामांना आगाऊ दिली आहे आणि पट्टीसाठी काकांकडे सूतही पोहोचले आहे.